एक सूत्र, चार प्रश्न : गावच्या पाण्याचा हिशेब

(धसई, ता. मुरबाड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. फळ्यावर मांडलेली गणिते मजकुरात घेतली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे आहेत.)



विषय पाणी शुद्ध करण्याच्या गणिताचा आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा. हे जमणार कसं, असं काहींच्या मनात आलं असेल. खरं सांगायचं तर आमच्या विषयात मुख्य काम एकच असतं. एखादं विधान हातात घ्यायचं आणि ते नेमकं काय सांगतं, काय सांगत नाही, हे नीट तपासायचं. सूत्र हेही एक विधानच आहे. आज समोर जलसुरक्षक आहेत, बचत गटातल्या ताई आहेत, शाळेतली मुलं आणि त्यांचे शिक्षक आहेत. तेव्हा आपण आज एकच सूत्र घेऊ आणि ते चारही बाजूंनी फिरवून बघू. हातात कागद-पेन्सिल असेल तर बरं.

साठ रुपयांचे पोहे

धसई ही आजूबाजूच्या गावांची बाजारपेठ. डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित व्यवहारांचं गाव म्हणून हिचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं. पण पैसे रोख द्या, कार्डाने द्या, दुकानातला हिशेब बदलत नाही. भाव गुणिले वजन म्हणजे किंमत. पोहे ८० रुपये किलो असतील तर दीड किलोचे १२० रुपये. हे झालं सरळ गणित.

आता एखादं पोरगं येतं आणि म्हणतं, "काका, साठ रुपयांचे पोहे द्या." दुकानदार काय करतो? तो मनातल्या मनात ६० ला ८० ने भागतो आणि पाऊण किलो पोहे मोजून देतो. तिसरं गिऱ्हाईक म्हणतं, "काल पलीकडच्या दुकानातून दोन किलो घेतले, १५० दिले." दुकानदार लगेच ओळखतो, तिकडे भाव ७५ चा आहे.

तीन गिऱ्हाइकं, तीन प्रश्न, सूत्र मात्र एकच. दुकानदाराने तीन सूत्रं पाठ केलेली नाहीत. त्याला एक संबंध ठाऊक आहे आणि त्यातलं जे माहीत नाही ते तो शोधून काढतो. शाळेत याला आपण समीकरण सोडवणं म्हणतो आणि घाबरतो. दुकानात तेच आपण रोज करतो आणि घाबरत नाही. आजचं सगळं व्याख्यान या पोह्यांच्या पुढे फार जाणार नाही.

पाण्याचं सूत्र

गावच्या टाकीत आपण टीसीएल पावडर टाकतो, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी या शहराने सबंध गावाच्या पाण्याला कायमस्वरूपी क्लोरीन द्यायला सुरुवात केली, तेव्हाही वापरली गेली ती हीच पावडर. म्हणजे आपल्या पंचायतीच्या कोपऱ्यात ठेवलेली गोणी ही शंभर वर्षांहून अधिक काळ माणसं वाचवत आलेली वस्तू आहे.

यात चार राशी आहेत. एक, पावडर किती ग्रॅम. दोन, पावडरीची ताकद, म्हणजे तिच्यात क्लोरीन किती टक्के आहे. ताज्या, चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के असतो. आपण हिशेबाला एक तृतीयांश धरू. तीन, मात्रा, म्हणजे एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्लोरीन जायला हवा. चार, पाणी किती.

एक सोय लक्षात घ्या. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरमागे एक ग्रॅम. म्हणून पाणी हजार लिटरांत मोजलं, म्हणजेच घनमीटरमध्ये मोजलं, की पुढच्या शून्यांची कटकट जाते. आता सूत्र असं :

पावडर × ताकद = मात्रा × पाणी

डावीकडे काय आहे? पावडरीतून आलेला क्लोरीन. उजवीकडे काय आहे? पाण्यात गेलेला क्लोरीन. दोन्ही एकच क्लोरीन आहे, म्हणून मध्ये बरोबरचं चिन्ह. सूत्राचा अर्थ एवढाच.

बघा, हे सूत्र मी गुणाकारातच लिहिलं, भागाकार कुठेच नाही. माझा आग्रह आहे की ते असंच लक्षात ठेवा. भागाकार हा प्रश्न विचारल्यावर येतो. आधीच भागाकारात पाठ केलं तर आपण एकाच प्रश्नाचं उत्तर पाठ करतो, आणि दुसरा प्रश्न आला की अडतो.

हेच सूत्र मोठ्या जागीही चालतं. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं. भांडुपच्या मूळ जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला १९१० दशलक्ष लिटर. तिथे लिटरमागे दोन मिलिग्रॅम मात्रा धरली तर दिवसाला ३८२० किलो क्लोरीन. गुणाकार तोच, फक्त ग्रॅमच्या जागी किलो आणि हजार लिटरच्या जागी दशलक्ष लिटर. अमेरिकेत पौंड आणि गॅलन वापरतात म्हणून त्यांना या सूत्रात ८.३४ हा आकडा घुसवावा लागतो, कारण एक गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पौंड भरतं. आपल्याला त्याची गरज नाही. त्यांच्या पुस्तकातलं सूत्र तसंच उचललं आणि ८.३४ आपल्या किलो-लिटरच्या हिशेबात राहिला, तर उत्तर आठ पटींहून जास्त चुकेल. सूत्र घेताना त्यातली मापंही बघायची असतात.

चार प्रश्न

दहा हजार लिटरची टाकी आहे. लिटरमागे दोन मिलिग्रॅम मात्रा द्यायची आहे.

पहिला प्रश्न : पावडर किती? उजवी बाजू २ × १० = २० ग्रॅम क्लोरीन. पावडर गुणिले एक तृतीयांश बरोबर २०, म्हणून पावडर ६० ग्रॅम. हा प्रश्न जलसुरक्षकाला शिकवलेला असतो. पुढे काय होतं? साठ ग्रॅम म्हणजे अमुक झाकण, असं ठरतं. मग झाकण राहतं आणि सूत्र विसरलं जातं.

दुसरा प्रश्न : ताकद घटली तर? टीसीएल पावडर हवा, ओल, उजेड, उष्णता लागली की क्लोरीन गमावते. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो ते मी सांगायला नको. उघड्या गोणीतली पावडर ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली असं समजा. पावडर गुणिले ०.२० बरोबर २०, म्हणून पावडर १०० ग्रॅम लागेल. साठचे शंभर झाले. झाकण मात्र तेच राहिलं, तर प्रत्यक्षात मात्रा किती गेली? आता सूत्र मात्रेसाठी फिरवा. ६० × ०.२० = १२ ग्रॅम क्लोरीन, भागिले १०, म्हणजे १.२. दोन द्यायची होती, १.२ गेली. वहीत मात्र "६० ग्रॅम टाकली" अशी नोंद आहे आणि ती नोंद खरी आहे. माणसाने काम केलं, तरी पाणी पुरतं शुद्ध झालं नाही.

इथे मुलांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. पाणी दुप्पट झालं तर पावडर दुप्पट लागते, हे समचलन. ताकद निम्मी झाली तर पावडर दुप्पट लागते, हे व्यस्तचलन. आपल्या परंपरेत याला त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक म्हणत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'मध्ये दोन्ही आहेत. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. तेव्हा हे ज्ञान परक्या मुलखातून आलेलं नाही.

तिसरा प्रश्न : टाकी अर्धीच भरली तर? वीज गेली, पंप बंद पडला, टाकीत पाचच हजार लिटर आलं. सवयीने साठ ग्रॅम टाकली. मात्रा = २० ÷ ५ = ४. दुप्पट झाली. पाण्याला वास येतो, लोक म्हणतात औषधाचं पाणी नको, आणि बायका पुन्हा ओढ्यावर किंवा उघड्या डबक्यावर जातात. जास्त औषधामुळे लोक अशुद्ध पाण्याकडे वळले, तर त्या शुद्धीकरणाचा उपयोग काय?

चौथा प्रश्न पाण्याचा आहे : इतकी पावडर संपली तर ती किती पाण्याला पुरली? तो वेगळ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आधी कळशी, मग हंडा

आता सूत्राला एक पायरी जोडू. पाण्यात घातलेला सगळा क्लोरीन शिल्लक राहत नाही. पाण्यातला गाळ, शेवाळ, जंतू, लोह त्याला खाऊन टाकतात. ही पाण्याची मागणी. मागणी भागल्यावर जो उरतो तो अवशिष्ट क्लोरीन. नळाला पाणी येईपर्यंत वाटेत फुटक्या पाइपातून काही शिरलं तर त्याच्याशी लढायला हा उरलेला शिपाई हवा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे घरच्या नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा.

मात्रा = मागणी + शिल्लक

पूर्ण सूत्र मग असं होतं : पावडर × ताकद = (मागणी + शिल्लक) × पाणी.

यातून मागणी शोधायची आहे. कुठून सुरुवात करायची? मुलं इथे गोंधळतात. उत्तर आपल्या घरातल्या बायांच्या डोक्यावर आहे. पाणी आणताना आधी डोक्यावर हंडा ठेवतात, मग त्यावर कळशी. घरी आल्यावर आधी काय उतरवतात? कळशी. शेवटी ठेवलेलं आधी उतरवायचं. हंडा आधी ओढला तर सगळंच अंगावर येईल.

मागणीवर आधी कोणती क्रिया झाली? शिल्लक मिळवली, हा हंडा. मग पाण्याने गुणलं, ही कळशी. उतरवताना आधी पाण्याने भागा, मग शिल्लक वजा करा. चढताना गुणाकार असेल तर उतरताना भागाकार, चढताना बेरीज असेल तर उतरताना वजाबाकी. आर्यभटाने ४९९ सालच्या 'आर्यभटीया'त हाच विलोमाचा नियम दिलेला आहे.

आणि "संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलतं" हे वाक्य जरा बाजूला ठेवा. संख्या कुठेही जात नाही. आपण तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच गोष्ट करतो, म्हणून काटा मधोमध राहतो. पलीकडे नेलं असं म्हणणं ही नुसती बोलण्याची पद्धत आहे. ती अर्थाशिवाय पाठ केली की मुलं गुणाकारातल्या संख्येचंसुद्धा अधिकाचं उणे करून टाकतात.

आता उदाहरण. मे महिन्यात आपण दोनची मात्रा दिली आणि ओटी टेस्टमध्ये शिल्लक ०.५ दिसली. मागणी = २ − ०.५ = १.५. जून उजाडला, पाणी गढूळ झालं. तीच साठ ग्रॅम टाकली आणि नळाच्या पाण्याला पिवळा रंगच आला नाही. शिल्लक शून्य. मग मागणी २ − ० = २ का?

इथे थांबा. गणिताने दोन येतं, पण खरं उत्तर "दोन किंवा त्याहून जास्त" असं आहे. पाण्याने दिलेलं सगळं खाल्लं, त्याची भूक अजून किती बाकी आहे ते कळलेलं नाही. पोराने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि टोपलीत काही उरलं नाही, तर त्याचं पोट दोन भाकऱ्यांत भरलं असं आई म्हणत नाही. ती तिसरी भाजते. तसंच मात्रा तीन करून पुन्हा तपासा. समजा शिल्लक ०.२ दिसली. आता मागणी नक्की कळली, २.८. शिल्लक ०.५ हवी असेल तर मात्रा ३.३, आणि दहा हजार लिटरला ताजी पावडर ३३ × ३ = ९९ ग्रॅम.

मे महिन्यात साठ, जूनमध्ये शंभर. टाकी तीच, गाव तेच, माणूस तोच. जुलाबाची साथ पावसाळ्याच्या तोंडाशीच का येते, याचं एक कारण या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. जे झाकण उन्हाळ्यात पुरत होतं ते नेमकं गरज वाढल्यावर अपुरं पडतं.

वेळेचाही असाच हिशेब आहे. क्लोरीनला काम करायला किमान अर्धा तास मिळायला हवा. वेळ × बाहेर जाणारं पाणी = टाकीतलं पाणी. दहा हजार लिटर भरलेली टाकी, तासाला पंधरा हजार लिटर बाहेर जातंय, तर पाण्याला ४० मिनिटं मिळतात. टाकी अर्धी झाली की २० मिनिटं, म्हणजे अपुरी. उलट विचारा : अर्ध्या तासासाठी किती पाणी हवं? १५ × ०.५ = ७.५ हजार लिटर. म्हणजे या टाकीत पाणी सतत भरत आणि जात असेल, तर पाऊण टाकीखाली पातळी जाऊ द्यायची नाही. आणि नुसती भरून, अर्धा तास थांबून मग नळ सोडणार असाल, तर ते सगळ्यात उत्तम.

विहिरीचा व्यास

विहिरीचं पाणी मोजायचं सूत्र : ०.७८५ × व्यास × व्यास × पाण्याची खोली. पाच मीटर व्यास, तीन मीटर पाणी. २५ × ३ = ७५, गुणिले ०.७८५ म्हणजे सुमारे ५९ घनमीटर, अर्थात ५९ हजार लिटर. दोनच्या मात्रेला ताजी पावडर ३५४ ग्रॅम.

पुस्तकात दुसरं सूत्र असतं, ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × खोली. दोन्ही एकच आहेत. त्रिज्या व्यासाच्या निम्मी, तिचा वर्ग एक चतुर्थांश, आणि ३.१४ चा चौथा भाग ०.७८५. चूक होते ती ३.१४ घेऊन त्रिज्येच्या जागी व्यास घालण्याची. मग उत्तर चौपट येतं, पावडर सुमारे १४०० ग्रॅम जाते आणि मात्रा आठ होते. विहिरीत दोरीने मोजतो तो व्यास असतो, त्रिज्या मोजायला कोणी विहिरीच्या मधोमध उभं राहत नाही. म्हणून ०.७८५ चं सूत्र धरा. खोली मात्र दर वेळी मोजा. ती मार्चमध्ये वेगळी, मेमध्ये वेगळी.

गोणीची साक्ष

आता तो राखून ठेवलेला चौथा प्रश्न. माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, कारण तो जलसुरक्षकाचा नाही, सगळ्या गावाचा आहे.

दोन हजार वस्तीचं गाव धरू. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी. म्हणजे दिवसाला १,१०,००० लिटर. दोनची मात्रा धरली तर २२० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६६० ग्रॅम ताजी पावडर. पंचवीस किलोची गोणी किती दिवस पुरेल? २५,००० ÷ ६६० = साधारण ३८ दिवस.

आता समजा, नोंदवहीत दिसतं की गोणी ९० दिवस पुरली. कोणाला वाटेल, वा, काटकसर! सूत्र फिरवा. रोज २७८ ग्रॅम पावडर, तिच्यात सुमारे ९३ ग्रॅम क्लोरीन. पाणी खरोखर १,१०,००० लिटर गेलं असेल तर मात्रा ०.८४. आपण पाहिलं की एकट्या पाण्याची भूकच दीडच्या पुढे जाऊ शकते. मग शिल्लक कुठली राहायला?

जलसुरक्षक म्हणेल, "नाही हो, मी मात्रा बरोबर दोनच देतो." ठीक, त्याचं खरं मानू. मग पाण्यासाठी सूत्र सोडवा. ९३ ÷ २ = ४६.५ हजार लिटर. दोन हजार माणसांना वाटलं तर माणशी २३ लिटर. म्हणजे औषध बरोबर आहे, पण पाणी निम्म्याहून कमी येतंय.

सूत्राने इथे कोणाला चोर ठरवलेलं नाही. पावडर कमी पडली, की पाणी कमी आलं, की नोंद चुकली, हे ते सांगत नाही. ते एवढंच सांगतं की ५५ लिटर पाणी, दोनची मात्रा आणि ९० दिवसांची गोणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. कोणती खोटी, हे शोधणं ग्रामसभेचं काम. पण विचारायला नेमका प्रश्न हातात आला. "पाणी खराब येतं" अशी तक्रार केली तर "बघतो" असं उत्तर मिळतं. "गोणी ३८ दिवसांची, ९० दिवस कशी पुरली?" असं विचारलं तर आकड्यात उत्तर द्यावं लागतं.

म्हणून सूत्र फिरवता येणं मला फार मोलाचं वाटतं. सरळ सूत्र हुकूम पाळायला पुरतं. सूत्र उलटवता आलं की कामाची तपासणी करता येते. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही, आणि आठवीतली मुलगी ते करू शकते.

सूत्र उलटतं, कारण उलटत नाही

आता थोडं माझ्या विषयाचं. न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, असं अनुमान करता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, असं म्हणता येत नाही. लोखंडाचा लालभडक तापलेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. हा एका दिशेचा संबंध. दोन्ही दिशांनी जाणारा संबंध असेल तर त्याला समव्याप्ती म्हणतात.

आपलं समीकरण समव्याप्तीसारखं आहे, कुठूनही कुठेही जाता येतं. पण पाण्याबद्दलचं आपलं प्रत्येक विधान तसं नसतं. "पाण्याला पुरेसा क्लोरीन आणि पुरेसा वेळ मिळाला तर बहुतेक रोगजंतू मरतात" हे खरं. "क्लोरीन शिल्लक दिसला, म्हणजे पाणी सर्व बाबतींत सुरक्षित" हे खरं नाही. पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर क्लोरीन त्याला हात लावत नाही. काही जिवाणूंखेरीजचे चिवट परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेची तपासणी वेगळी असते आणि ती चालू ठेवावी लागते.

शिवाय सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात अमोनिया असतो. तिथे मात्रा वाढवत गेलं तर शिल्लक आधी वाढते, मग उतरते, मग पुन्हा वाढते. म्हणजे आपली मागणीची साधी वजाबाकी त्या पाण्याला लागू पडत नाही. असं विचित्र वागणारं पाणी दिसलं तर पावडर वाढवत बसू नका, घाण कुठून शिरते ते आधी शोधा. प्रत्येक सूत्राला हद्द असते आणि ती कळणं हा सूत्र कळण्याचाच भाग आहे.

आज इतकंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, आमच्याकडे ग्रॅममध्ये मोजायचा काटा नाही. झाकणानेच टाकतो. मग काय करायचं?

उत्तर : झाकण वाईट नाही भाऊ, झाकणाचं वजन माहीत नसणं वाईट. एकदा बाजारात जा. ओळखीच्या किराणा दुकानदाराला सांगा, पिशवीत बांधून वजन करून दे. सपाट भरलेली दहा झाकणं एकत्र मोजा आणि दहाने भागा. एकाच झाकणाचं वजन केलं तर चूक मोठी होते, दहांच्या सरासरीत ती कमी होते. मग झाकणावर रंगाने तो आकडा लिहून ठेवा. आणि पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता. नाकातोंडाला रुमाल बांधा.

प्रश्न : पावडरीची ताकद घरी कशी कळणार?

उत्तर : नक्की आकडा प्रयोगशाळेतच कळतो. टीसीएलचे नमुने तपासले जातात, तो अहवाल पंचायतीत मागून घ्या. मधल्या काळात अंदाज हवा असेल तर दुसरं सूत्र मदतीला येतं. स्वच्छ, निवळ पाण्याची मागणी तुम्हाला महिनाभराच्या नोंदीवरून ठाऊक असते. पाणी तसंच निवळ आहे, पावडर तेवढीच टाकली, तरी शिल्लक उतरत चालली, तर संशय पावडरीवर घ्या. पाणीच गढूळ झालं असेल तर मात्र दोष कोणाचा हे यावरून सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की एका समीकरणातून दोन्ही निघत नाहीत.

प्रश्न : आमच्या गटातल्या पाच जणींना पाणी तपासायचं किट दिलंय. रोज काय लिहून ठेवू?

उत्तर : ताई, चार रकाने पुरेत. टाकीत पाणी किती होतं, पावडर किती ग्रॅम टाकली, पाणी निवळ की गढूळ, आणि शेवटच्या घराच्या नळाला शिल्लक किती. टाकीजवळच्या नळाला नव्हे, शेवटच्या नळाला. गोणी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. एवढे आकडे असले की जे हवं ते काढता येतं. आकडे नसतील तर उत्तम सूत्रसुद्धा काही उपयोगाचं नाही. आणि ही वही कपाटात ठेवू नका, पंचायतीच्या फलकावर महिन्याचा गोषवारा लावा, म्हणजे शाळेतल्या मुलांनाही गणितं सोडवायला मिळतील.